'कुंकू'चं संगीत नाटक करतोय: पार्श्वसंगीतच नसलेल्या चित्रपटाला पदं कुठून द्यायची?

तिसरी_घंटा

आम्ही नऊजण आहोत. दोघं बँकेतले, एक निवृत्त शिक्षिका, एक फिजिओथेरपिस्ट, तिघं फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या नाट्यस्पर्धेच्या तालमी करून नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली, पेटी वाजवणारा माझा मामेभाऊ आणि मी. गेले पाच महिने दर रविवारी सकाळी कर्वेनगरात एकीच्या घरी जमतो आणि 'प्रभात' फिल्म कंपनीच्या 'कुंकू'चं संगीत नाटक उभं करायचा प्रयत्न करतो. आता अडलोय, म्हणून हा धागा.

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९३७ साल, दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथा ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून. नीराला फसवून एका म्हाताऱ्या बिजवर वकिलाच्या गळ्यात बांधतात. लग्न लागतं, पण ती त्या माणसाला नवरा मानायला ठाम नकार देते. त्याच घरात राहून, दिवसामागून दिवस. नीरा म्हणजे शांता आपटे, तो वकील, काकासाहेब, म्हणजे केशवराव दाते. हिंदीत हाच चित्रपट 'दुनिया न माने' नावानं झाला. आणि हे सगळं चित्रित झालं ते आपल्या लॉ कॉलेज रोडवर, आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्या आवारात. मी रोज तिथून बसनं जाते आणि रोज त्या फाटकाकडे बघते.

आता अडचण. या चित्रपटात गाणी आहेत, पण पार्श्वसंगीत नाही. शांतारामबापूंनी ते ठरवून काढून टाकलं. प्रसंग कितीही हलवून टाकणारा असो, मागे व्हायोलिन रडत नाही. घड्याळ वाजतं, दार वाजतं, भांडं पडतं, रस्त्यावरचा आवाज आत येतो. तेवढंच. त्या शांततेमुळे घराच्या भिंती अंगावर येतात. आणि आम्ही निघालोय तिथे पेटी-तबला घेऊन बसायला.

मग नाटक करायचंच कशाला, असं आमच्यातल्याच एकानं विचारलं. माझं उत्तर सांगते. चित्रपटात नीराच्या चेहऱ्यावर कॅमेरा जातो आणि तिच्या मनात काय चाललंय ते कळतं, एक शब्द न बोलता. रंगमंचावर ते नाही. 'बालगंधर्व'च्या बाल्कनीतून तर नटीच्या कपाळावर कुंकू आहे की नाही हेसुद्धा दिसत नाही. मग तो जवळून दिसणारा चेहरा प्रेक्षकापर्यंत न्यायचा कसा? आपल्याकडे त्यासाठी दीडशे वर्षांची एक वाट आहे. पात्र बोलता बोलता थांबतं आणि पद सुरू होतं. कॅमेरा जिथे जवळ जातो तिथे पद यावं, बाकी कुठेही नाही, या एका विचारावर मी नाटक लिहायला घेतलं.

कागदावर हे छान वाटलं. पहिलं सलग वाचन केलं तेव्हा मात्र गाण्यांचा कार्यक्रम झाला. पेटीचा पहिला सूर लागला की घर विरघळून जायचं. सगळे छान गायले आणि घरी जाताना मला रडू आलं.

म्हणून इथल्या जाणत्या लोकांना विचारतेय. आवाज कुठून आणायचा? आणि दुसरा प्रश्न, ज्यावर आमच्यात दोन तट पडलेत: चित्रपटात काकासाहेबांना गाणं नाही. नाटकात द्यावं का?

मुळाकाठची

वाचतेय. विषय फार आवडला. 'कुंकू' आजीबरोबर पाहिला होता. तिनं मध्येच उठून दिवा लावला आणि परत येऊन बसली, एवढं आठवतंय.

जुना_प्रेक्षक

तिसरी घंटा, तुमचा उपक्रम वाचून आनंद झाला. वय ७६, नाटकं बघण्यात आयुष्य गेलं, म्हणून थोडं लांबण लावतो.

पहिली गोष्ट, जरठ-कुमारी विवाहावरचं संगीत नाटक मराठीत आधीच आहे आणि ते थोर आहे. देवलांचं 'शारदा', १८९९. तुमच्या नाटकाला पहिला प्रश्न हाच येणार की 'शारदा' असताना हे कशाला? त्याचं उत्तर तयार ठेवा. माझ्या मते उत्तर असं आहे. 'शारदे'त लग्न मोडतं. सगोत्राचं निघतं, मंडपात गोंधळ होतो, पुढे शारदा जीव द्यायला निघते आणि कोदंड तिला वाचवतो. प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकून घरी जातो. 'कुंकू'त लग्न मोडत नाही. शारदा ज्या खाईच्या काठावरून परत आली, त्या खाईत नीरा पडलेली आहे आणि तिथे तिला रोज सकाळी उठून वावरायचंय. देवलांच्या नाटकाचा पडदा पडतो तिथून पुढचं हे नाटक आहे. हे तुम्हाला पक्कं माहीत असेल तर 'शारदे'ची छाया पडली तरी भिण्याचं कारण नाही. ज्यांनी 'मूर्तिमंत भीती' ऐकलंय त्यांच्या कानात ते वाजत असतानाच नीरा समोर येऊ दे.

(१९२९च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला सारडा कायदा म्हणतात तो हरबिलास सारडांच्या नावावरून. पुष्कळांना ते 'शारदा' नाटकामुळे पडलेलं नाव वाटतं. त्या कायद्यानं मुलीचं वय १४ केलं, पण नवऱ्याचं वय किती असावं याला वरची मर्यादा काही घातली नाही. काकासाहेब कायद्याच्या चौकटीतच होते.)

दुसरी गोष्ट. तुम्ही म्हणता शांततेत पेटी घेऊन शिरतोय. पण ती शांतता बऱ्याच अंशी रंगभूमीवरूनच तिकडे गेली होती. 'कुंकू'चं संगीत केशवराव भोळ्यांचं. चार वर्षं आधी, १९३३ साली, 'नाट्यमन्वंतर' या नाट्यसंस्थेनं 'आंधळ्यांची शाळा' केलं, त्याचं संगीतही भोळ्यांचंच आणि त्यात केशवराव दाते होते. तोवर नाटकात तासन्‌तास पदं आणि वन्समोअर. या मंडळींनी मोजकी गाणी ठेवली, तीही प्रसंगाला धरून. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, ज्योत्स्नाबाई भोळे त्यातल्या एक. तेच दाते आणि तेच भोळे पुढे 'प्रभात'मध्ये आले. तेव्हा 'कुंकू' रंगमंचावर आणणं म्हणजे परक्या घरी नेणं नव्हे. सासरी गेलेली मुलगी माहेरी येतेय.

काकासाहेबांना पद द्या, असं माझं मत. कारण नंतर लिहितो, डोळ्यांना ताण होतो.

डफ_तुणतुणं

विरोध म्हणून नाही, मनापासून विचारतो. संगीत नाटकच करायचंय तर गाण्यांनी भरलेला चित्रपट का घेत नाही? 'जैत रे जैत' घ्या. महानोरांचे शब्द, हृदयनाथांच्या चाली, गोष्ट अर्धीअधिक गाण्यांतूनच सांगितलीय. नाहीतर 'सांगत्ये ऐका'. पुण्यात विजयानंद थिएटरला १३१ आठवडे चालला होता, नुसत्या नावावर तिकीट विकलं जाईल. ढोलकी आहे, फड आहे, रंगमंच तर त्याच्या कथेतच आहे. तुम्ही सगळ्यात अवघड घर निवडलंय.

तिसरी_घंटा

जुना_प्रेक्षक, 'शारदे'बद्दल तुम्ही लिहिलंत ते मी छापून तालमीच्या खोलीत लावलंय. खरंच.

डफ_तुणतुणं, हा विचार आमच्याकडेही झाला. २०१६ साली फिरोज अब्बास खान यांनी 'मुघल-ए-आझम' रंगमंचावर आणलं तेव्हा मी मुंबईला जाऊन पाहिलं होतं. नट-नट्या खरोखर समोर गात होत्या, कथकचा ताफा, डोळे दिपवणारा पसारा. मला आवडलं. पण आजूबाजूला बघितलं तर प्रत्येक गाण्याच्या पहिल्या ओळीला लोक टाळ्या वाजवत होते, त्या गाण्याशी असलेल्या जुन्या ओळखीला. लोक आपली आठवण भेटायला आले होते आणि नाटकानं ती भेट घडवली. त्यात वाईट काहीच नाही. पण 'सांगत्ये ऐका' करायचं तर माझ्या गायिकेला आशाबाईंसारखं गावं लागेल. कमी पडली तर लोक हळहळतील आणि अगदी तशीच गायली तर मूळ ध्वनिमुद्रिका काय वाईट होती? दोन्हीकडून नाटक मागे पडतं.

'कुंकू'ची गाणी आज फार थोड्यांच्या कानात आहेत. 'मन सुद्ध तुझं' सोडलं तर. म्हणून तिथे मला जागा दिसते. जिथे चित्रपट गप्प राहिला त्या जागेत नाटकानं बोलायचं.

डग्गा

तबला वाजवतो, त्यामुळे मी पहिल्या प्रश्नापुरतंच लिहीन.

तुमच्याकडे ताल आधीच आहे. घड्याळ. त्याला बाहेरून तबल्याची साथ देऊ नका, घड्याळालाच ठेका समजा.

लंबकाचा हिशेब सांगतो. लंबक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला बरोबर एक सेकंद लागायचा असेल तर त्याची लांबी साधारण ९९ सेंटिमीटर लागते. एवढा लंबक उभ्या मोठ्या घड्याळात असतो. भिंतीवरच्या घड्याळात तेवढी जागाच नसते. लांबी पाव केली, म्हणजे साधारण २५ सेंटिमीटर, की वेळ निम्मा होतो. सेकंदाला दोन टिक, मिनिटाला १२०. आता नाटकात बघा. काकासाहेब दर दुसऱ्या टिकेला पाऊल टाकतात, दर दुसऱ्या टिकेवर शब्द ठेवतात. ६० मात्रांची लय, म्हाताऱ्या माणसाची. नीरा प्रत्येक टिकेवर आहे, म्हणजे त्यांची दुगुन. घर एकच, घड्याळ एकच, आणि दोघं वेगवेगळ्या वयात जगतायत. प्रेक्षकाला हे कळायची गरज नाही, त्याच्या पायाला ते कळेल.

आणि जिथे ती नकार देते तिथे तिला आडीत टाका. दोनाच्या जागी तीन. घड्याळ आपलं चाललंय आणि ती त्याच्यात बसत नाहीये. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मात्र बरोबर येते. याला वाद्य लागत नाही, हाताशी सूप असलं तरी पुरे. पाखडणं हे मुळातच लयीचं काम आहे.

पेटी मात्र काढा. माफ करा तुमच्या मामेभावाला वाईट वाटेल. पण पेटीला श्वास असतो आणि या घरात श्वास घ्यायला जागा नाही असं तुम्हाला दाखवायचंय.

मुळाकाठची

आडीची कल्पना वाचून अंगावर काटा आला.

कलम_तेरा

उत्साहावर पाणी टाकायचं नाही, पण लिहायला घेण्याआधी हक्कांचं बघितलंत का? तीन गोष्टी वेगळ्या धरा.

चित्रपट म्हणून 'कुंकू'ची मुदत संपलेली आहे. आजच्या कायद्याप्रमाणे प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं मोजली तरी ती १९९७ अखेर संपते. कादंबरीचं तसं नाही. तिथे लेखकाच्या निधनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. ना. ह. आपटे १९७१ साली गेले, म्हणजे २०३१ अखेरपर्यंत कादंबरी सुरक्षित आहे. तुम्ही 'चित्रपटावरून' म्हणालात तरी कथेचं मूळ तिथेच आहे, त्यामुळे वारसांची लेखी परवानगी घ्या. गीतं आणि चाली यांचा हिशेबही त्या त्या कवीच्या नि संगीतकाराच्या निधनापासून होतो, शिवाय चित्रपटासाठी केलेल्या कामाचे हक्क निर्मात्याकडे असण्याची शक्यता असते. जुनं एकही गाणं वापरणार असाल तर हे सगळं उलगडून घ्यावं लागेल. सगळी पदं नवी लिहिलीत तर निम्मी डोकेदुखी जाईल.

चित्रपटात नीरा लाँगफेलोची इंग्रजी कविता म्हणते ती ठेवायची असेल तर शब्दांची चिंता नाही, तो १८८२ साली गेला.

आणि तिकीट लावून प्रयोग करणार असाल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे आधी द्यावी लागते. नाट्यगृहाची तारीख घेताना ते प्रमाणपत्र मागतात. हे शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. आमच्या सोसायटीतल्या मुलांनी ठेवलं होतं, प्रयोग पुढे ढकलावा लागला.

तिसरी_घंटा

कलम_तेरा, फार उपकार झाले. परवानगीचं पत्र याच आठवड्यात पाठवते. पदं नवीच आहेत, शिक्षिका बाई लिहितायत. लाँगफेलो ठेवायचा की नाही यावर अजून एकमत नाही. मला हवाय. १९३७ साली एका मराठी घरात, फसवून आणलेली मुलगी ग्रामोफोनच्या साथीनं इंग्रजी कविता ठामपणे म्हणते, हे आजही धारदार वाटतं. आणि शांता आपटे पडद्यापुरत्याच तशा नव्हत्या. दोन वर्षांनी, १९३९ साली, त्या पगारावरून त्याच स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या.

जुना_प्रेक्षक

काकासाहेबांबद्दल लिहितो म्हणालो होतो.

आपल्या रंगभूमीचा एक न लिहिलेला नियम आहे. जो गातो त्याच्या मनात प्रेक्षकाला जागा मिळते. खलपात्रालाही एक पद मिळालं की तो माणूस होतो. काकासाहेब राक्षस नाहीत. सुधारकी विचारांचे, शिकलेले गृहस्थ आहेत, घरात समाजकार्य करणारी विधवा मुलगी आहे, आणि तरीही हातून हे घडतं. शेवटी त्यांना आपली चूक दिसते, आरशाच्या तुकड्यांत स्वतःचीच रूपं बघतात, नीराला मोकळी करून स्वतःला संपवतात. चित्रपट त्यांना हा प्रवास देतो. केशवराव दात्यांचा चेहरा तो प्रवास करतो. तुमच्याच तत्त्वानं पाहिलं तर तिथे कॅमेरा जवळ जातो. मग तिथे पद हवंच. ते नाकारलंत तर म्हातारा नुसता अडथळा उरेल आणि नाटक एकांगी होईल.

जात्यावरची

बरेच दिवस फक्त वाचत होते. आज लिहावंसं वाटलं.

माझ्या वडिलांची आत्या, आम्ही आत्याआजी म्हणायचो, सोळाव्या वर्षी बिजवराला दिली. नवरा अठ्ठेचाळीस वर्षांचा. शनिवार पेठेतला वाडा. सावत्र मुलं तीन, त्यातला थोरला तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. तो तिला 'काकू' म्हणायचा. आई म्हणायची कुणाची जीभ वळली नाही आणि नावानं हाक मारणं शक्य नव्हतं.

आत्याआजी पहाटे चारला उठून दळायला बसायची. तेवढाच वेळ तिचा. ओव्या म्हणायची, काही आईकडून आलेल्या, काही स्वतःच्या. यजमान वरच्या माडीवर निजायचे. ते उठले की आधी खोकला आणि मग जिन्यावर काठी वाजायची. काठीचा पहिला आवाज आला की ओवी अर्ध्या शब्दावर थांबायची. जातं मात्र फिरत राहायचं, कारण जातं थांबलं तर काम थांबलं असा अर्थ झाला असता.

हे तिनं मला ती नव्वदीला आली तेव्हा सांगितलं. मी विचारलं, मग राहिलेली अर्धी ओवी? ती म्हणाली, "ती दुसऱ्या दिवशी. पण दुसऱ्या दिवशी दुसरीच सुचायची गं." म्हणजे सगळ्या अर्ध्याच राहिल्या.

यजमान वाईट नव्हते. तिला लिहायला शिकवलं त्यांनी. ते गेले तेव्हा ती एकतीस वर्षांची होती आणि पुढे साठ वर्षं तशीच जगली. त्यांच्या फोटोला रोज हार घालायची. मी एकदा विचारलं, तुम्हाला ते आवडायचे का? तिनं खूप वेळ उत्तर दिलं नाही आणि मग म्हणाली, "त्यांच्याबद्दल सगळे बोलतात. सज्जन होते म्हणतात. होतेच."

म्हणून जुना_प्रेक्षक, तुमचा मान राखून सांगते, काकासाहेबांना पद नको. त्यांच्या मनात शिरायला बाकीचं सगळं जग आहे. चित्रपट आहे, दात्यांचा अभिनय आहे, आपली सहानुभूती तर वाट बघत उभीच असते. एका रात्रीपुरतं, अडीच तास, फक्त त्या मुलीला गाऊ द्या. आणि तेही पुरतं गाऊ देऊ नका.

डफ_तुणतुणं

निःशब्द. माझी 'सांगत्ये ऐका'ची सूचना मागे घेतो.

विंगेतला

मी हौशी आणि स्पर्धेच्या नाटकांचा ध्वनी सांभाळतो. जात्यावरचीताईंचं वाचल्यावर दोन दिवस डोक्यात तेच आहे, त्यामुळे कामाचं लिहितो.

जातं खरं आणा. ध्वनिमुद्रित घरघर लावू नका. स्पीकरमधून आलेला आवाज सगळ्या सभागृहात एकसारखा पसरतो, त्याला जागा नसते. दगडावर दगड फिरतो तो आवाज रंगमंचाच्या त्या एका कोपऱ्यातून येतो आणि प्रेक्षक मान तिकडे वळवतो. पण रिकामं जातं फिरवू नका, टाकी, म्हणजे दगडावरच्या खाचा, खराब होते आणि आवाजही वेगळा येतो. मूठभर ज्वारी घालत राहा. जात्याखाली घोंगडी घातलीत तर आवाज मरेल. लाकडी फळीवर सरळ ठेवा, म्हणजे रंगमंच स्वतःच गुंजतो. ज्यांनी 'भरत' नाट्य मंदिरात काम केलंय त्यांना हे माहीत असेल.

माईकचं म्हणाल तर पहिले प्रयोग लहान जागी करा. सुदर्शन रंगमंच किंवा 'द बॉक्स'सारख्या ठिकाणी गळ्याला माईक न लावता गाता येईल. मोठ्या नाट्यगृहात गेलात की नीराला अंगावरचा माईक लागेलच. तार केसांतून आणायची, बॅटरी कमरेला, नऊवारीत सहज लपते. फक्त ती दळायला बसणार असेल तर बॅटरी पाठीमागे नको, बाजूला बांधा. वाकल्यावर टोचते आणि मग नटी वाकणं टाळते. हे मी तीनदा पाहिलंय.

अजून एक. 'घाशीराम कोतवाल' नाटकात माणसांची भिंत होती, ती गायची, नाचायची, पाठ फिरवून सगळं झाकून टाकायची. पुण्यात कुठलंही संगीताचं नवं नाटक निघालं की कुणीतरी समूह उभा करायला सांगतंच. तुम्हालाही सांगतील, वाड्यातल्या बायकांचा कोरस करा म्हणून. करू नका. नीराच्या बाजूनं गाणारं त्या घरात कुणी नाही.

जुना_प्रेक्षक

जात्यावरची, तुमचं लिहिणं तीन वेळा वाचलं. माझी आई दुसरेपणावरच दिलेली होती. वयाचं अंतर एवढं नव्हतं, पण तीही दळताना गायची आणि वडील आले की गप्प व्हायची. मी ते मर्यादा म्हणून पाहत आलो. सत्तर वर्षं.

पदाबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो.

तिसरी_घंटा

मंडळी, या रविवारी आम्ही करून बघितलं. जमेल तसं सविस्तर लिहिते.

पेटी बंद ठेवली. मामेभाऊ आधी खट्टू झाला, मग स्वतःहून सूप घेऊन बसला. जातं आमच्या शिक्षिका बाईंच्या नणंदेकडून भोरहून गाडीत घालून आणलं, दोघांना उचलेना. घड्याळाची टिकटिक सध्या मोबाइलवरून, विंगेतल्यांनी सांगितलं तसं ते अगदीच पसरट वाटतं, पण लय कळावी म्हणून.

प्रवेश पहिलाच. पहाट. नीरा दळतेय. चित्रपटात हा प्रसंग असा नाही, हे आमचं आहे. पदाच्या पहिल्या दोन ओळींत प्रत्येक टिकेवर शब्द, तिसऱ्या ओळीला ती आडीत जाते. तेवढ्यात जिन्यावर काठी. ती अर्ध्या शब्दावर थांबते. जातं फिरत राहतं. काकासाहेब येतात, दर दुसऱ्या टिकेला एक पाऊल, खुंटीवरची पगडी घेतात आणि काही न बोलता जातात. पुन्हा गाणं नाही. तीन मिनिटांचा प्रवेश. खोलीत कुणी हललं नाही. त्या तीन मिनिटांत मला पहिल्यांदा 'कुंकू'ची शांतता ऐकू आली आणि त्यात गाणंही होतं.

पूर्ण नाटकात आता नीराची सात पदं आहेत आणि सातही अर्ध्यावर थांबतात. कधी काठी, कधी दार, कधी सावत्र मुलाचा पायरव. जिथे ती त्याला छडीनं फोडून काढते, तिथे पद नाही. तिथे नुसती छडी.

काकासाहेबांना पद नाही. पण जुना_प्रेक्षक, तुम्ही म्हणालात ते पूर्ण सोडलेलं नाही. आरशाचा प्रसंग आणि शेवटचं पत्र यांत काहीतरी हवंच होतं. बँकेतले आमचे काका ती भूमिका करतात, त्यांनी सुचवलं की पत्र साधं वाचायचं, फक्त घड्याळाच्या लयीत वाचता वाचता हळूहळू लय सुटायची. माणूस पहिल्यांदा घड्याळाशिवाय बोलतोय. आणि मग टिकटिक बंद.

यानंतर काय, यावर मात्र परत भांडण. माझ्या मनात होतं की घड्याळ थांबल्यावर नीरानं पहिल्या प्रवेशातला तो अर्धा शब्द पूर्ण करावा. फक्त तेवढाच. आमच्या फिजिओथेरपिस्टला ते पटत नाही. ती म्हणते, माणूस मेल्याबरोबर ती गायला लागली तर मृत्यूनं तिला बक्षीस दिल्यासारखं होईल. जात्यावरची, तुम्हाला विचारायचं होतं. आणि तुमच्या आत्याआजींची गोष्ट वापरू ना?

जात्यावरची

वापरा. नाव घालू नका, तिला आवडलं नसतं.

शेवटाबद्दल: यजमान गेल्यावर आत्याआजीनं दळणं सोडलं नाही, पण ओव्या सोडल्या. जिन्यावर काठी वाजत नव्हती तरी. का, ते मी तिला विचारलं नाही आणि आता विचारता येत नाही. तुमची नीरा आत्याआजी नाही, तिचा स्वभाव वेगळा आहे. ती गाईल. पण लगेच नाही. जात्याशी येऊन बसू दे, जातं फिरू दे, आणि प्रेक्षकाला काठीची वाट बघायला लावा. मग काय होतं ते तुमच्या नटीला ठरवू दे.

डग्गा

घड्याळ बंद झाल्यावर जात्याची लय पहिल्यांदा तिची स्वतःची असेल, हे लक्षात ठेवा. ठेका नसताना गाणं सगळ्यात अवघड. नटीला त्या जागेची तालीम वेगळी द्या. मी रविवारी मोकळा असतो, चालत असेल तर येईन. तबला आणणार नाही.

तिसरी_घंटा

डग्गा, या! साडेनऊला. पत्ता निरोपात पाठवते.

जात्यावरची, काठीची वाट बघायला लावा, हे वाक्य संहितेत रंगसूचना म्हणून घातलंय, जसंच्या तसं.

आता एक मागणं. कुणाकडे चालू असलेलं, लंबकाचं भिंतीवरचं घड्याळ आहे का? टिकटिक मोठी हवी. विकत नको, उसनं. प्रयोगानंतर परत, माझी हमी. जुन्या बाजारात पाहिली, दिसायला सुरेख होती पण आतलं यंत्र काढून सेलवर चालणारं बसवलेलं. ती वाजत नाहीत.

जुना_प्रेक्षक

माझ्याकडे आहे. वडिलांचं. नारायण पेठेतल्या वाड्यात होतं, आता फ्लॅटच्या पॅसेजमध्ये आहे. दर शनिवारी चावी द्यावी लागते, ठोके दर अर्ध्या तासाला पडतात, ते बंद करायचे असतील तर आतली तार बाजूला घ्यावी लागेल, मी दाखवीन. लंबक वीतभराहून थोडा मोठा आहे, डग्गा यांनी सांगितला त्या हिशेबाच्या जवळपास असावा.

घेऊन जा. फक्त एक सांभाळायचं. ते ज्या भिंतीवर टांगाल ती ओळंब्यात हवी. घड्याळ जरा जरी कललं तरी टिक आणि टॉक यांच्यातलं अंतर सारखं राहत नाही, लंगडत चालतं आणि मग तासाभरात थांबतं. नेपथ्याची भिंत कापडाची असेल तर त्याला मागून लाकडी खांब द्या.

विंगेतला

खांबाचं माझ्याकडे लागलं. रविवारी पाणसळ घेऊन येतो.